गिळता न येणारा शत्रू: यकृतातला पर्णकृमी आणि पांढऱ्या पेशी

१८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात एक बारीक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती अळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. बाहेरून काही घुसलं की शरीरातल्या पेशी त्यावर चालून जातात, हे त्यांना तिथे डोळ्यांनी दिसलं. पुढे याच पेशी जंतूंना गिळून पचवतात हेही त्यांनी दाखवलं आणि शाळेच्या पुस्तकात आपण शिकतो ते चित्र तयार झालं: पांढरी पेशी म्हणजे सैनिक, जंतू दिसला की गिळायचा.

तो काटा मात्र पेशींनी गिळला नव्हता. तो त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा होता, म्हणून त्यांनी त्याला फक्त वेढा घातला होता. यकृतात राहणारा पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक, हाही असाच न गिळता येणारा. पण काटा टोचला तिथेच राहतो. पर्णकृमी चालत राहतो, आणि पांढऱ्या पेशींची सगळी पंचाईत या एका गोष्टीने होते.

तो येतो कुठून

फॅसिओला हिपॅटिका हे त्याचं शास्त्रीय नाव. पानासारखा चपटा, पूर्ण वाढला की दोन ते तीन सेंटिमीटर लांब. मेंढ्या आणि गाईगुरं हे त्याचं नेहमीचं घर, पण माणसालाही तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ७० पेक्षा जास्त देशांत मिळून किमान २४ लाख माणसांना ही लागण आहे. बोलिव्हियाच्या उंच पठारावरच्या काही वस्त्यांत तिचं प्रमाण जगात सर्वाधिक आढळलं आहे.

त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, अंड्यातून निघालेली अळी गोड्या पाण्यातल्या विशिष्ट गोगलगाईत शिरते, तिथे तिची संख्या वाढते, आणि शेवटी बाहेर पडलेल्या अळ्या पाणवनस्पतींच्या पानांवर कवच करून चिकटून बसतात. हे पान कच्चं खाल्लं किंवा तसं पाणी पोटात गेलं की प्रवास सुरू. (हे जीवनचक्र ऑक्सफर्डमध्ये थॉमस यांनी आणि लाइपझिगमध्ये लॉइकार्ट यांनी स्वतंत्रपणे उलगडलं, तेही मेचनिकॉफ यांच्या काट्याच्याच सुमारास, १८८१ ते १८८३ या काळात.)

पोटात गेल्यावर कवच फुटतं. आतून निघालेलं पिल्लू लहान आतड्याची भिंत पोखरून पोटाच्या पोकळीत उतरतं, काही दिवसांत यकृतापाशी पोहोचतं आणि त्याचं आवरण फोडून आत शिरतं. मग सहा ते आठ आठवडे ते यकृताचा गर खात, बोगदे पाडत हिंडतं. शेवटी पित्तनलिकेत पोहोचलं की तिथे मुक्काम. तिथे ते प्रौढ होतं, अंडी घालतं आणि माणसात दहा वर्षांहूनही जास्त काळ राहू शकतं.

आकाराचा हिशोब

रक्तातली एक पांढरी पेशी साधारण १२ मायक्रॉन रुंद, म्हणजे मिलिमीटरचा ऐंशीवा भाग. आतड्यात नुकतंच कवच फोडून निघालेलं पिल्लू पाव मिलिमीटरच्या आसपास. ती पेशी माणसाएवढी आहे असं धरलं, तर हे पिल्लू दहा मजली इमारतीएवढं होतं. आणि पूर्ण वाढलेला कृमी? तीन किलोमीटरच्या पुढे.

इथे गिळण्याचा प्रश्नच येत नाही. सगळ्यात आधी धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची शिकवण जीवाणू गिळण्याची असते. मॅक्रोफेज, ज्यांना मराठीत महाभक्षी पेशी म्हणतात, त्यांचंही तेच. म्हणून कृमींसाठी शरीराकडे वेगळी पद्धत आहे. शत्रूला आत घ्यायचं नाही, बाहेरून चिकटायचं आणि त्याच्या कातडीवरच विष ओतायचं. या पद्धतीतली मुख्य पेशी म्हणजे इओसिनोफिल.

मला विचाराल तर ही पेशी रक्तातली सगळ्यात देखणी. रंगवलेली काचपट्टी तेलाच्या भिंगाखाली धरली की लाल पेशींच्या फिकट गर्दीत ती लगेच ओळखू येते. मधोमध दोन पाळ्यांचा जांभळा केंद्रक, जणू चष्म्याच्या दोन काचा, आणि उरलेल्या सगळ्या जागेत केशरी-गुलाबी दाणे ठासून भरलेले. इओसिन नावाचा रंग हे दाणे अधाशासारखा शोषून घेतात. पॉल एर्लिक यांनी १८७९ साली या रंगावरूनच ती वेगळी ओळखली आणि तिला नाव दिलं. एर्लिक आणि मेचनिकॉफ यांना १९०८ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

त्या दाण्यांत प्रथिनं असतात, आणि ती विषारी असतात. त्यांच्यावर जोरदार धनभार असतो, आणि सजीव पेशीचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित असतो, त्यामुळे ती तिथे चिकटतात आणि आवरणाला भोकं पाडतात. एक एन्झाइम पेरॉक्साइडपासून दाहक रसायन बनवतं, ब्लीचच्या जातीतलं. या पेशी कृमीच्या अंगावर चपट्या होऊन पसरतात आणि दाणे थेट त्याच्या कातडीवर रिते करतात. अर्थात आजूबाजूचं आपलं मांसही त्यात भाजून निघतं.

हाक कशी जाते

पिल्लू आतड्याची भिंत पोखरतं तेव्हा फुटलेल्या पेशींतून काही रेणू सांडतात. आयएल-३३ हा त्यातला एक. एरवी तो पेशीच्या आत, केंद्रकापाशी असतो, त्यामुळे तो बाहेर दिसला याचा अर्थ एकच: भिंत फुटली आहे. जवळपासच्या लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी ही हाक ऐकतात आणि आयएल-५ व आयएल-१३ हे संदेश सोडतात. काही दिवसांत टी पेशीही, म्हणजे लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार, त्यांना येऊन मिळतात.

टी पेशींना इथे एक निवड करावी लागते. पेशींच्या आत लपणाऱ्या जंतूंसाठी, म्हणजे क्षयासारख्या रोगासाठी, एक वाट असते, तिला टीएच-१ म्हणतात. कृमींसाठी दुसरी, टीएच-२. या दोन वाटा एकमेकींना दाबतात. एक जोरात चालू झाली की दुसरी मंदावते. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचा परिणाम पुढे यायचा आहे.

आयएल-५ रक्तातून हाडांच्या मगजात पोहोचतो आणि तिथे इओसिनोफिल तयार होण्याचा वेग वाढतो. मगजात एक इओसिनोफिल घडायला साधारण आठवडा लागतो, मग ती काही तास रक्तात फिरते आणि ऊतींत उतरते. रक्त तिच्यासाठी फक्त रस्ता आहे, राहायची जागा नव्हे. दुसरीकडे आयएल-४ च्या इशाऱ्यावर बी पेशी प्रतिपिंडं बनवू लागतात, त्यात आयजी-ई ही ॲलर्जीवाल्या लोकांना परिचित असलेली जातही असते. ही प्रतिपिंडं कृमीच्या अंगावर जाऊन बसतात. इओसिनोफिलला एवढ्या मोठ्या शत्रूवर पकड घ्यायला ती खुंट्यांसारखी उपयोगी पडतात.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये हे सगळं एका ओळीत दिसतं. निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात आणि त्यात इओसिनोफिल ५०० च्या आत. आता समजा एका रिपोर्टमध्ये एकूण पेशी १२,००० आणि इओसिनोफिल ४० टक्के लिहिले आहेत. एकूण आकडा पाहून कोणी म्हणेल, थोडासाच वाढलाय. पण १२,००० चे ४० टक्के म्हणजे ४,८००, वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दसपट. म्हणून नुसती टक्केवारी किंवा नुसती बेरीज न बघता हा गुणाकार करून बघावा. रिपोर्टवर त्याला ॲब्सोल्युट इओसिनोफिल काउंट म्हणतात.

यकृतात पिल्लं हिंडत असतात त्या आठवड्यांत हा आकडा बहुतेक रुग्णांत चढलेला असतो. जोडीला ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, कधी अंगावर पित्त उठणं. आणि नेमक्या याच काळात विष्ठेत अंडी सापडत नाहीत, कारण कृमी अजून अंडी घालण्याच्या वयाचा झालेलाच नसतो. माणसात त्याला तीन-चार महिने लागू शकतात. म्हणजे विष्ठेची तपासणी कोरी आणि रक्त मात्र ओरडून सांगतंय, अशी स्थिती. अशा वेळी रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी कामी येते. इओसिनोफिल वाढले म्हणजे पर्णकृमीच, असं मात्र कोणी समजू नये. दमा, ॲलर्जी, काही औषधं, इतर जंत, काही रक्ताचे आजार, यांतही ते वाढतात. आकडा फक्त एवढंच सांगतो की शरीराने टीएच-२ ची वाट धरली आहे. कशासाठी, ते डॉक्टरांनी शोधायचं.

बोगद्यातली वेळ

मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते ती लागण झालेल्या मेंढीच्या यकृताची काप. पिल्लाने पाडलेला बोगदा त्यात स्पष्ट दिसतो: मेलेल्या यकृतपेशी, सांडलेलं रक्त, आणि त्याभोवती इओसिनोफिलची दाट गर्दी, मॅक्रोफेज, लिम्फोसाइट. एवढी फौज पाहून वाटतं, आता हा कृमी काही वाचत नाही. पण बोगद्याच्या पुढच्या टोकाला, जिथे जिवंत पिल्लू आहे, तिथे त्याच्याभोवती पेशी विरळ असतात. गर्दी असते ती मागे, जिथून तो निघून गेला त्या जागी.

पांढऱ्या पेशी कमी नसतात, दुबळ्याही नसतात. त्या उशिरा पोहोचतात. कृमी यकृत खात जातो आणि त्याच्या मागे लढाई पेटत जाते. माणसाला जो त्रास जाणवतो, तो पुष्कळसा या मागे राहिलेल्या लढाईचा.

जिथे पेशी वेळेवर पोहोचतात, तिथेही कृमीकडे उत्तर आहे. त्याच्या कातडीवर साखर आणि प्रथिनांचा मऊ थर असतो आणि पिल्लू हा थर दर दोन-तीन तासांनी टाकून नवा चढवतं. प्रतिपिंडं त्या थरावर बसलेली असतात, इओसिनोफिल त्या प्रतिपिंडांना धरून असतात, आणि थर सुटला की सगळे मिळून गळून पडतात. अंगरखा धरायला जावं आणि हातात अंगरखाच यावा, तसं.

शिवाय त्याच्या आतड्यातून कॅथेप्सिन एल नावाची एन्झाइमं भरपूर बाहेर पडतात. त्यांचं मूळ काम यकृताचा गर आणि रक्त पचवणं, पण ती प्रतिपिंडंही कापतात, आणि तीही सांध्यावर. प्रतिपिंडाची दोन टोकं असतात, एक शत्रूला धरणारं आणि एक आपल्या पेशीला बोलावणारं. मध्ये कापलं की पहिलं टोक कृमीवर बसून राहतं, पण कोणालाच बोलावू शकत नाही. पेशी जो दाहक ऑक्सिजन सोडतात तो निष्प्रभ करणारी एन्झाइमंही त्याच्याकडे आहेत. उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याच्या स्रावांमुळे इओसिनोफिल मुदतीआधीच मरतात असंही दिसलं आहे.

एकाच कच्च्या मालाची दोन कामं

आता मॅक्रोफेजकडे येऊ, कारण खरा तोल इथे ढळतो. या पेशीकडे आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि त्याचं काय करायचं हे तिला ठरवावं लागतं. एका एन्झाइमच्या हाती दिलं तर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतो. तो मारक वायू आहे, आणि प्रयोगशाळेत घुशीच्या मॅक्रोफेजनी पर्णकृमीची पिल्लं त्याच्याच जोरावर मारली आहेत. दुसऱ्या एन्झाइमच्या, आर्जिनेजच्या, हाती दिलं तर तेच आर्जिनिन प्रोलिनकडे जातं आणि प्रोलिनपासून कोलॅजन, म्हणजे व्रण भरून काढणारे धागे. पेशी तीच, माल तोच. एक वाट मारण्याची, दुसरी शिवण्याची.

टीएच-२ च्या वातावरणात मॅक्रोफेज शिवण्याच्या वाटेला लागतात. कृमी त्यात भर घालतो. त्याने सोडलेलं पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाचं प्रथिन मॅक्रोफेजना त्याच दिशेने ढकलतं. त्याचा आणखी एक लहान रेणू आपल्याच शरीरातल्या एका संरक्षक रेणूशी साम्य असलेला आहे, आणि तो मॅक्रोफेजच्या आतली धोक्याची यंत्रणा चालू होऊ देत नाही. पुढच्या आठवड्यांत नियंत्रक टी पेशी वाढतात आणि आयएल-१० सारखे शांत करणारे संदेश देऊ लागतात.

याला शरीराची हार म्हणावं का? मला तसं वाटत नाही. बोगद्यांनी चाळण झालेलं यकृत शिवलं नाही तर माणूस किंवा जनावर कृमीआधी रक्तस्रावाने जाईल. मेंढीने एकदम खूप कवचं गिळली तर असंच होतं, ती काही आठवड्यांत दगावते. त्यामुळे शिवणकामाला प्राधान्य देणं शरीराच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे. किंमत पुढे चुकवावी लागते: यकृतात धागे साठतात, पित्तनलिकांच्या भिंती जाड होतात, गाईगुरांत तर त्यांत कॅल्शियम साठून त्या नळ्यांसारख्या कडक होतात.

प्रौढ कृमी तोवर पित्तात पोहोचलेला असतो आणि पित्तात पेशींना टिकणंच अवघड. नलिकेच्या भिंतीत इओसिनोफिल आणि लिम्फोसाइट जमतात, पण कृमी भिंतीच्या आतल्या बाजूला, पोकळीत असतो. या टप्प्यात रक्तातला आकडाही बऱ्याच रुग्णांत उतरतो, कधी पार सामान्य होतो. आकडा उतरला म्हणून कृमी गेला असं होत नाही. तो घालवायला औषध लागतं. ट्रायक्लाबेंडाझोल लहान पिल्लांवर आणि प्रौढांवर, दोन्हींवर चालतं, म्हणून तेच वापरलं जातं. मात्र जनावरांत त्याला न जुमानणारे कृमी १९९० च्या दशकातच ऑस्ट्रेलियात आढळले आहेत.

दुसऱ्याच रोगाला फायदा

टीएच-१ आणि टीएच-२ एकमेकींना दाबतात, ते आठवा. गाईंमध्ये क्षयाची चाचणी त्वचेत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूपासून काढलेली प्रथिनं, टोचून करतात, आणि तिथे येणारी सूज हे टीएच-१ चं काम. पर्णकृमी असलेल्या गाईत ही वाट मंदावलेली असेल तर सूज कमी येईल आणि क्षय असूनही चाचणी नकारात्मक दिसेल. हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या दुधाळ गाईंच्या कळपांवरचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो. त्यातल्या अंदाजानुसार पर्णकृमीमुळे क्षयाच्या सुमारे एक तृतीयांश लागणी नजरेतून सुटत असाव्यात. यकृतातल्या एका कृमीमुळे कातडीवरची चाचणी चुकते, ही मला या विषयातली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब वाटते. मृत यकृतपेशींच्या बोगद्यांत क्लॉस्ट्रिडियम नोव्ही नावाचा जीवाणूही फोफावतो आणि मेंढ्या अचानक मरतात. तिथे मात्र कारण वेगळं आहे. मेलेल्या ऊतींत ऑक्सिजन नसतो आणि त्या जीवाणूला तेच हवं असतं.

जिथे पेशी आधीच हजर असतात

एकदा लागण झालेल्या मेंढीला पुन्हा लागण होते, आणि पहिल्याइतक्याच सहजपणे. तिच्या रक्तात प्रतिपिंडं असतात, इओसिनोफिल असतात, तरीही. गाईगुरांत थोडाफार प्रतिकार दिसतो, पण त्यातला काही भाग पेशींचा नसून कडक झालेल्या यकृताचा आहे, कृमीला त्यातून वाट काढणं जड जातं. इंडोनेशियातली पातळ शेपटीची मेंढी हा अपवाद. फॅसिओला जायगँटिका या मोठ्या भाऊबंदाची पिल्लं तिच्या पोटाच्या पोकळीतच, यकृतापर्यंत पोहोचण्याआधी, मारली जातात, आणि त्यात मॅक्रोफेज व इओसिनोफिल या दोघींचा हात असतो. त्याच मेंढीला हिपॅटिका दिला तर मात्र ती हरते. दोन इतक्या जवळच्या जातींत एवढा फरक पडतो.

प्रयोगशाळेतल्या घुशीची गोष्ट आणखी उपयोगाची आहे. आधी लागण होऊन गेलेल्या घुशीच्या आतड्याच्या अस्तरात इओसिनोफिल आणि आयजी-ई वाहून नेणाऱ्या मास्ट पेशी आधीपासूनच ठाण मांडून असतात. पुन्हा पिल्लं आली की ती भिंत ओलांडत असतानाच प्रतिपिंडांनी माखली जातात आणि पेशी त्यांना चिकटतात. ती तेव्हा पाव मिलिमीटरची असतात, अजून यकृत खाऊन वाढलेली नसतात, आणि भिंतीतून पार व्हायला त्यांना काही तास लागतात. त्या काही तासांत बहुतेक जण संपतात.

पर्णकृमीवर बाजारात अजून कोणतीही लस नाही. कॅथेप्सिन एल आणि कृमीची इतर प्रथिनं टोचून मेंढ्या आणि गाईगुरांवर अनेक प्रयोग झाले, त्यांत कधी चांगलं संरक्षण मिळालं, कधी फारसं नाही. म्हणून आता आतड्यातल्या पिल्लाच्या अंगावर त्या पहिल्या तासांत कोणती प्रथिनं उघडी असतात, याचा तपास चालू आहे.